मोनो आणि स्टिरिओ: साठच्या दशकातले पॉप अल्बम शेजारी ठेवून कसे ऐकावेत

‘शीज लीव्हिंग होम’ हे बीटल्सचं गाणं मी वीस वर्षं ऐकत होतो. मग एका मित्राने ते ज्या अल्बमवर आहे त्या ‘सार्जंट पेपर’ची मोनो रेकॉर्ड ऐकायला दिली. (मोनोत सगळा आवाज एकाच चॅनलमध्ये असतो, स्टिरिओत तो डाव्या-उजव्या अशा दोन चॅनलमध्ये वाटलेला असतो.) ती लावली आणि वाटलं, टर्नटेबल जोरात फिरतंय. अख्खा रविवार पट्टा बदलण्यात आणि वेग तपासण्यात गेला. संध्याकाळी शेवटी पेटी काढली आणि सूर लावून पाहिला. मोनोत गाणं पांढरी चारमध्ये होतं, माझ्या जुन्या स्टिरिओ सीडीवर पांढरी तीनमध्ये. टर्नटेबल ठणठणीत होतं. १९६७ साली मोनो मिक्स करताना, म्हणजे ध्वनिमुद्रित केलेले सुटे आवाज एकत्र जुळवून अंतिम गाणं बनवताना, टेप मुद्दाम जलद चालवली होती, स्टिरिओ करताना तसं केलं नव्हतं. एकाच अल्बमवरचं तेच गाणं आणि पट्टी मात्र वेगळी.

त्या दिवसापासून मी हे अल्बम जोडीने ऐकतो. सुरुवातीची दोन वर्षं चुकीच्या प्रती आणि चुकीच्या पद्धतींत गेली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय.

आधी एवढं डोक्यात असू द्या

त्या काळात ब्रिटन-अमेरिकेतल्या पोरांकडे एकच स्पीकर असलेला रेकॉर्ड प्लेयर असायचा. रेडिओ मोनो, टीव्ही मोनो, ज्यूकबॉक्स मोनो. त्यामुळे पॉपचा खरा माल म्हणजे मोनो. मिक्सवर वेळ आणि जीव खर्च व्हायचा तो मोनोच्याच. स्टिरिओ मिक्स नंतर, वेगळा बसून, बऱ्याचदा घाईने केला जाई. ‘सार्जंट पेपर’च्या मोनो मिक्सिंगला बीटल्स स्वतः हजर असत, स्टिरिओचं काम निर्माता जॉर्ज मार्टिन आणि तंत्रज्ञांनी थोड्या दिवसांत उरकलं. त्या वेळी मिक्स म्हणजे हाताने केलेला एक प्रयोग होता. टेप चालू, बोटं फेडरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणांवर), आणि त्या क्षणी जे होईल ते कायमचं. दुसऱ्यांदा करताना तो तसाच होणं शक्य नव्हतं. म्हणून मोनो हा ‘एक बाजू कमी असलेला स्टिरिओ’ असं समजू नका. ते दोन वेगळे प्रयोग आहेत.

काय काय लागेल

- दोन्ही मिक्स असलेला एक अल्बम (कोणता ते पुढे सांगतो)
- बरे तारेचे हेडफोन
- एक स्पीकर, किंवा दोनपैकी एक बंद करता येईल अशी सोय
- संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर
- पेटी, तानपुऱ्याचं ॲप किंवा सूर दाखवणारं कोणतंही साधन
- वही. हिच्याशिवाय बसू नका. कान दहा मिनिटांत विसरतो.

१. तुमच्या हातात नेमकं काय आहे ते ओळखा

नव्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ‘मोनो’ आणि ‘स्टिरिओ’ या दोन शब्दांखाली निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, खरा मोनो मिक्स. मूळ मल्टिट्रॅकवरून (गायन-वाद्यं सुटी असलेल्या टेपवरून) मोनोसाठीच केलेला. आपल्याला हवा तो हा.

दुसरी, घडी घातलेला मोनो. स्टिरिओचे डावे-उजवे चॅनल एकत्र ओतून केलेला. यात नवीन काहीही नसतं. उलट मधोमध ठेवलेला आवाज, म्हणजे बहुधा मुख्य गायक, कडेच्या वाद्यांच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबलने वर येतो आणि तोल बिघडतो. बीटल्सच्या ‘यलो सबमरीन’ची १९६९ ची मोनो एलपी अशीच आहे. बीटल्सचा ब्रिटनमध्ये खरा मोनो मिक्स मिळालेला शेवटचा अल्बम म्हणजे १९६८ चा पांढऱ्या कव्हरचा जोड-अल्बम. ‘ॲबी रोड’चा मोनो मिक्स निघालाच नाही. कोणी ‘ॲबी रोड’ची दुर्मीळ मोनो प्रत म्हणून जास्त पैसे सांगितले, तर हात जोडा आणि निघा.

तिसरी, खरा स्टिरिओ, त्याच काळात केलेला.

चौथी, बनावट स्टिरिओ. मूळ मोनो घेऊन एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार, मध्ये किंचित विलंब, की झाला स्टिरिओ. कॅपिटल ही रेकॉर्ड कंपनी याला ‘ड्युओफॉनिक’ म्हणायची. इतर कंपन्यांच्या कव्हरवर ‘इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओसाठी पुनर्संस्कारित’ अशा अर्थाची ओळ बारीक अक्षरांत असते. ऐकायला डोकं पाण्याखाली धरल्यासारखं वाटतं. अशी प्रत ऐकून ‘स्टिरिओ वाईट’ असं मत बनवू नका.

पाचवी, नंतर केलेला रीमिक्स. ‘सार्जंट पेपर’चा २०१७ चा आणि ‘रिव्हॉल्व्हर’चा २०२२ चा स्टिरिओ हे जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी नव्याने केलेले मिक्स आहेत. ते सुंदर आहेत, पण १९६६-६७ चा स्टिरिओ कसा होता ते त्यावरून कळत नाही. यातला एक सापळा तर फारच फसवा आहे. ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ १९८७ साली सीडीवर आले तेव्हा जॉर्ज मार्टिन यांनी स्टिरिओ पुन्हा मिक्स केला आणि २००९ च्या स्टिरिओ सीडीवरही तोच राहिला. १९६५ चा मूळ स्टिरिओ हवा असेल तर तो २००९ च्या मोनो संचात सापडतो, त्याच सीडीवर मोनोच्या पाठोपाठ. स्टिरिओ शोधायला मोनोच्या पेटीत हात घालायचा, हे मला सांगायला कोणी नव्हतं.

रेकॉर्ड विकत घेत असाल तर क्रमांक वाचायला शिका. पार्लोफोन या बीटल्सच्या ब्रिटिश रेकॉर्ड लेबलच्या एलपीवर ‘पीएमसी’ म्हणजे मोनो, ‘पीसीएस’ म्हणजे स्टिरिओ. ‘सार्जंट पेपर’ मोनोत पीएमसी ७०२७, स्टिरिओत पीसीएस ७०२७. पण कव्हरवर भरवसा ठेवू नका, कारण पन्नास-साठ वर्षांत कव्हरं बदलतात. तबकडी बाहेर काढून लेबलाशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक उजेडात धरून बघा. ‘एक्सईएक्स’ने सुरू होत असेल तर मोनो, ‘वायईएक्स’ने असेल तर स्टिरिओ. अमेरिकन कॅपिटलच्या अल्बमवर ‘टी’ म्हणजे मोनो, ‘एसटी’ म्हणजे स्टिरिओ आणि ‘डीटी’ म्हणजे ड्युओफॉनिक, तेव्हा सावध. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर ढिगातून रेकॉर्ड उचलताना मी आधी ही पट्टी बघतो, मग ओरखडे, आणि कव्हर सगळ्यात शेवटी. एका विक्रेत्याने मला मोनोच्या कव्हरात स्टिरिओ तबकडी दिली होती. घरी आल्यावर कळलं, आणि परत न्यायला उशीर झाला होता.

२. यंत्रातली सगळी ‘सुधारणा’ बंद करा

फोनमध्ये डॉल्बी, थ्रीडी, इक्वलायझर असलं जे काही असेल ते बंद. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ नावाचं बटण असतं, तेही बंद आहे ना ते पाहा. ते चालू असेल तर तुम्ही दिवसभर घडी घातलेला मोनोच ऐकाल. एका डब्यातल्या ब्लूटूथ स्पीकरवर ही तुलना करू नका.

स्टिरिओ दोन स्पीकरवर ऐका. मोनो शक्यतो एका स्पीकरवर. दोन स्पीकरमधून मोनो ऐकताना आवाज मधल्या मोकळ्या जागेतून येतो आणि डोकं जरा हललं की त्याचा पोत बदलतो. एका स्पीकरवर तो घट्ट राहतो. हेडफोनवर दोन्ही ऐका, पण मत तिथे बनवू नका. बीटल्सच्या पहिल्या अल्बमचा स्टिरिओ हेडफोनवर ऐकला तर एका कानात गाणं आणि दुसऱ्या कानात वाजवणं असं होतं आणि चिडचिड होते. त्यात स्टुडिओचा दोष नाही. १९६३ च्या फेब्रुवारीत त्या अल्बमची बहुतेक गाणी दोन ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित झाली. एका ट्रॅकवर गायन, दुसऱ्यावर वाद्यं, ती यासाठी की नंतर मोनो करताना दोघांचा तोल साधता यावा. ते दोन ट्रॅक डावी-उजवीकडे मांडले की झाला स्टिरिओ.

३. आवाजाची पातळी जुळवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग भांडत बसतात. दोन प्रतींत जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला चांगली वाटते. एका डेसिबलचा फरकही पुरतो. ‘मोनोत केवढी ताकद आहे!’ असं वाटलं की आधी विचारा, तो नुसता मोठा तर नाही?

ऑडॅसिटीत दोन्ही फायली घ्या आणि ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने एकाच पातळीवर आणा. मोनो फाइल एकाच चॅनलची असेल तर तिथला ‘मोनोला दुहेरी मोनो माना’ या अर्थाचा पर्याय टिक करायला विसरू नका. तो नसेल तर तीन डेसिबलची चूक होते आणि सगळी मेहनत पाण्यात. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी व्हॉल्यूमच्या बटणाजवळ पेन्सिलची खूण करावी.

४. सुरुवात ‘पेट साउंड्स’पासून करा

बीच बॉइजचा हा १९६६ चा अल्बम मोनो आणि स्टिरिओ दोन्हीत एकत्र मिळतो, म्हणून तुलनेला सोपा. बँडचा सूत्रधार ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे आणि त्याने हा अल्बम पूर्णपणे मोनोतच घडवला. त्या वेळी निघालेली ‘स्टिरिओ’ प्रत ड्युओफॉनिक होती. खरा स्टिरिओ मिक्स ध्वनितंत्रज्ञ मार्क लिनेट यांनी ब्रायनच्या देखरेखीखाली केला आणि तो १९९७ साली बाहेर आला, तीस वर्षांनी. म्हणजे इथे मोनो हीच मूळ कृती आहे आणि स्टिरिओ हा तिच्या आत उजेड टाकणारा कंदील.

‘वुडन्ट इट बी नाइस’ घ्या. आधी मोनो. ॲकॉर्डियन, गिटार, खर्जाची वाद्यं असं सगळं एकमेकांत विरघळून एकच नवं वाद्य वाजतंय असं वाटेल. आता स्टिरिओ. तेच धागे सुटे होतात, कोण काय वाजवतंय ते मोजता येतं. मधल्या भागाकडे लक्ष द्या. मोनोत बँडमधल्याच माइक लव्हचा आवाज आहे, १९९७ च्या स्टिरिओत तिथे ब्रायन गातो, कारण माइकचा तो आवाज मल्टिट्रॅकवर उरलाच नव्हता.

वहीत लिहा: कोणतं वाद्य मोनोत मुळीच ओळखता आलं नव्हतं? मग मोनो पुन्हा लावा. आता ते ऐकू येतं. हे एकदा अनुभवलंत की पुढचं सगळं सोपं आहे.

माझं मत विचाराल तर या अल्बमसाठी मोनो. विरघळलेपण हाच त्याचा प्राण आहे, आणि सुटं करून पाहिल्यावर कौतुक वाढतं, हुरहूर मात्र कमी होते.

५. बीटल्स: कान कुठे ठेवायचा

इथे फरकांची खाण आहे. सगळं एका बैठकीत ऐकू नका. एका वेळी एक गाणं, आधी मोनो, मग स्टिरिओ, मग पुन्हा मोनो.

‘प्लीज प्लीज मी’ या गाण्याच्या स्टिरिओत शेवटच्या कडव्यात शब्द चुकतात आणि लगेच पुढच्या ओळीत जॉन लेननला हसू फुटतं. मोनोत ते नाही, कारण दोन्हींसाठी वेगळे टेक (ध्वनिमुद्रणाचे वेगवेगळे प्रयत्न) वापरले आहेत. हा फरक लहान पोरालाही पकडता येतो, म्हणून पहिला हाच.

‘इफ आय फेल’च्या सुरुवातीला मोनोत जॉनचा एकच आवाज आहे, स्टिरिओत तो दुहेरी केलेला. मला मोनोतला एकटा आवाज जास्त आवडतो, ती ओळच एकट्या माणसाची आहे. पुढे स्टिरिओत एका उंच सुरावर पॉल मॅकार्टनीचा आवाज फाटतो. मोनोत तो सावरलेला आहे.

‘हेल्प!’मध्ये मुख्य गायनाचा टेकच वेगळा आहे. शब्दांवरचा जोर कुठे पडतो ते ऐका.

‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’मध्ये उलटी वाजवलेली गिटार कुठे शिरते ते वहीत सेकंदांसकट लिहा. मोनो आणि स्टिरिओत जागा बदलतात. ‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये फिरत्या टेपांचे ते पक्ष्यांसारखे आवाज हाताने वरखाली केलेले होते, त्यामुळे दोन्ही मिक्समध्ये ते वेगळे उसळतात. इथे एक सावधगिरी. ‘रिव्हॉल्व्हर’च्या अगदी पहिल्या मोनो प्रतींवर या गाण्याचा आणखी वेगळाच मिक्स गेला होता. अशा प्रतीच्या दुसऱ्या बाजूवर एक्सईएक्स ६०६-१ कोरलेलं असतं. विक्रेता तसं म्हणाला तर शेवटचा आकडा स्वतः वाचा, मगच पैसे काढा.

‘लूसी इन द स्काय’मध्ये मोनोत जॉनच्या आवाजावर फेजिंगचा दाट तरंग आहे, जणू पाण्यातून दिसणारा चेहरा. स्टिरिओत तो पातळ आहे. ‘सार्जंट पेपर’च्या शेवटाकडे शीर्षकगीत पुन्हा येतं, तिथे मोनोत पॉलचं ओरडणं स्पष्ट ऐकू येतं, स्टिरिओत जवळपास नाही. हा अल्बम मोनोत जास्त अंगावर येतो असं मी ठामपणे म्हणेन. २०१७ चा स्टिरिओ रीमिक्स करतानाही मोनोचाच आदर्श समोर ठेवला होता.

आता उलट बाजू, कारण मोनोच्या प्रेमात पडलेली माणसं ती सांगत नाहीत. ‘ब्लू जे वे’मधले उलटे वाजवलेले आवाज फक्त स्टिरिओत आहेत, मोनोत ते गाणं उघडं पडतं. ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोत पावणेचार मिनिटांच्या आत संपतं. स्टिरिओत ते साडेचार मिनिटांच्या आसपास चालतं, विरतं, पुन्हा उसळतं, आणि शेवटी रिंगो बोटांना फोड आल्याचं ओरडतो. तो आरोळीचा शेवट मोनोत नाहीच. ‘डोन्ट पास मी बाय’ मोनोत जलद आहे आणि शेवटची फिडलही निराळी.

‘आय ॲम द वॉलरस’चा स्टिरिओ हेडफोनवर ऐका. दोनेक मिनिटांनी आवाजाची जागा एकदम चपटी होते. तुमचे हेडफोन बिघडलेले नाहीत. मोनो मिक्स चालू असताना त्यात थेट रेडिओ सोडला होता आणि त्यावर त्या वेळी शेक्सपिअरचं नाटक लागलं होतं. तो योगायोग पुन्हा घडवणं अशक्य, म्हणून स्टिरिओच्या उत्तरार्धात मोनोच घेऊन त्याला बनावट स्टिरिओ केलं आहे.

६. शंका आली तर वजाबाकी करा

एखादी मोनो प्रत खरी की घडी घातलेली हे कानाने ठरत नसेल तर ऑडॅसिटी उघडा.

१) स्टिरिओ फाइल घ्या आणि मेनूतून तिचं मोनो करा.
२) संशयित मोनो फाइल खालच्या ट्रॅकवर ठेवा.
३) दोन्ही खूप मोठं करून पहिला ठोका तंतोतंत जुळवा, पातळीही जुळवा.
४) एका ट्रॅकवर ‘इन्व्हर्ट’ करा (यात लाट उलटी होते, त्यामुळे सारखे आवाज एकमेकांना खोडून टाकतात) आणि दोन्ही एकत्र वाजवा.

जवळजवळ शांतता झाली तर तुमचा ‘मोनो’ म्हणजे घडी घातलेला स्टिरिओ. विषय संपला. आवाज उरला तर मात्र लगेच आनंदून जाऊ नका. दोन वेगळ्या टेपयंत्रांचा वेग केसभर निराळा असतो, तेवढ्यानेही वजाबाकी फसते. म्हणून उरलेल्या आवाजातून निष्कर्ष काढायचा नाही, पाचव्या पायरीतल्यासारखा ठोस फरक शोधायचा. पट्टी, लांबी, एखादा जास्तीचा आवाज.

७. रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांसाठी थोडं

मोनो खाचेत सुई फक्त आडवी हलते, स्टिरिओत वरखालीही. स्टिरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या भागाने) मोनो रेकॉर्ड लावली की ती वरखाली हलून धूळ-ओरखड्यांचा खडखड फुकटचा उचलते. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, अर्ध्याहून अधिक कचरा गेल्यासारखा वाटेल. २०१४ साली मूळ टेपवरून काढलेल्या बीटल्सच्या मोनो एलपी साध्या स्टिरिओ सुईवर निर्धास्त लावा. उलटं मात्र करू नका. जुन्या काळच्या, फक्त मोनोसाठी बनलेल्या कडक कार्ट्रिजखाली स्टिरिओ रेकॉर्ड ठेवली तर खाच कायमची खरवडली जाते.

८. यानंतर काय ऐकायचं

झोंबीजचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’ घ्या. ‘धिस विल बी अवर इयर’मधली पितळी वाद्यं थेट मोनो मिक्सवरच चढवली होती, म्हणून त्या काळच्या स्टिरिओ एलपीवर ते गाणं बनावट स्टिरिओत आहे. पिंक फ्लॉइडच्या पहिल्या अल्बमची २००७ ची आवृत्ती दोन्ही मिक्ससकट निघाली. त्यातल्या ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’चा शेवट स्टिरिओत खोलीभर गरगरतो, मोनोत तो एका जागी उभा राहून गुरगुरतो.

आणि बीटल्सचं ‘दि इनर लाइट’ राहू देऊ नका. त्याचं वादन जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची. गायन पुढच्या महिन्यात लंडनला झालं आणि मार्चमध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूला ते मोनोत आलं. स्टिरिओ मिक्स थेट १९७० साली केला गेला. दोन्ही मिळवा, पातळी जुळवा, आणि पहिल्या तीस सेकंदांत बासरी, सरोद आणि शहनाई कुठे कुठे उभी आहेत ते वहीत आखून ठेवा.